सल्फाइटच्या जागी फॉस्फेट: ई. कोलायच्या सल्फाइट रिडक्टेजची स्फटिकरचना कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंध एकत्र बसून वाचायच्या बैठकीत) मांडायला ई. कोलाय या जिवाणूच्या सल्फाइट रिडक्टेज या एन्झाइमवरचा १९९५चा 'सायन्स'मधला पेपर वाट्याला आला आहे: क्रेन, सीगल आणि गेट्झॉफ यांची १.६ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईची रचना (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). जिथे सल्फाइट बसायला हवं तिथे चित्रात फॉस्फेट दिसतं. मग ही रचना कामाची म्हणायची का? आणि 'एकाच जागी सहा इलेक्ट्रॉन दिले जातात' हे त्या रचनेत खरंच दिसतं, की तो नंतर लावलेला अर्थ आहे?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: दिसत नाही. सहा इलेक्ट्रॉनांचा प्रवास कुठल्याच स्फटिकात दिसत नाही, तो रसायनशास्त्र हाताशी धरून मांडावा लागतो. पहिला भाग जास्त रंजक आहे. त्या फॉस्फेटमुळे रचना कमअस्सल ठरत नाही. उलट माझं मत विचाराल तर अख्ख्या पेपरमध्ये सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे, आणि बहुतेक जण ती दोन ओळींत उरकून प्रसिद्ध 'जोडलेल्या कोफॅक्टर'च्या चित्राकडे धावतात (कोफॅक्टर म्हणजे प्रोटीनला कामासाठी लागणारा बिगर-प्रोटीन घटक).

एन्झाइम काय करतं ते आधी पाहू. ई. कोलाय माध्यमातलं सल्फेट आत घेतो, एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन खर्चून त्याची एपीएस आणि मग पीएपीएस ही सक्रिय रूपं करतो, पीएपीएसपासून सल्फाइट सुटतं. सल्फाइटचं सल्फाइड करणं हे आपल्या एन्झाइमचं काम. पुढे हे सल्फाइड ओ-ॲसिटिलसेरीनला जोडलं जाऊन सिस्टीन बनतं, आणि पेशीतलं मेथिओनीन, ग्लुटाथायोन, आयर्न-सल्फर क्लस्टर या सगळ्यांचं गंधक तिथूनच येतं. एका सल्फाइटमागे सहा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे तीन एनएडीपीएच (प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन देणारे वाहक रेणू). बाहेर पडतं एक सल्फाइड आणि तीन रेणू पाणी. मधली कुठलीही अर्धवट अवस्था एन्झाइमबाहेर सुटत नाही. हेच एन्झाइम नायट्राइटचा अमोनियाही करू शकतं, तेही सहा इलेक्ट्रॉनांचंच काम आहे.

पूर्ण एन्झाइम अवाढव्य आहे: आठ फ्लेवोप्रोटीन आणि चार हीमोप्रोटीन, मिळून सुमारे ७८० किलोडाल्टन. फ्लेवोप्रोटीन एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन आपल्यातल्या एफएडी, मग एफएमएन या फ्लेविन कोफॅक्टरांमधून पुढे सरकवतं. हीमोप्रोटीनमध्ये एक चार-लोह-चार-गंधक क्लस्टर आणि एक सिरोहीम (मध्ये लोह असलेलं हीमच्या जातीचं वलय) असतं, आणि सल्फाइट सिरोहीमच्या लोहावर बसतं. १९९५ची रचना फक्त या ६४ किलोडाल्टनच्या हीमोप्रोटीनची आहे. मांडताना हे पहिल्याच स्लाइडवर सांगा, नाहीतर कोणीतरी 'एफएमएन कुठे आहे?' विचारणार आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जाणार.

सिरोहीमबद्दल एक व्यवहारातली गोष्ट, कारण स्फटिकापर्यंत पोचण्याआधी ती आडवी येते. हे हीम नेहमीचं नाही. त्याच्या चार पायरोल वलयांपैकी शेजारची दोन क्षपित (रिड्यूस झालेली, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन घेतलेली) आहेत, आणि कडेला आठ कार्बोक्झिलेट गट आहेत. हिमोग्लोबिनच्या हीमला असे दोनच असतात. पेशीत हे बनवतं सिसजी नावाचं एन्झाइम, आणि पेशीला ते थोडंसंच पुरतं. त्यामुळे प्लाझ्मिडवरून (जिवाणूत घातलेल्या छोट्या गोल डीएनएवरून) हीमोप्रोटीन भरमसाट बनवायला गेलात तर प्रोटीन मिळतं, पण त्यातल्या बऱ्याचशा रेणूंना सिरोहीम मिळत नाही. सीगल आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये दाखवलं की सिसजीचं जनुकही सोबत प्लाझ्मिडवर द्यावं लागतं. कोफॅक्टर असलेल्या कुठल्याही प्रोटीनवर काम करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. जेलवर पट्टी झकास दिसते आणि ॲक्टिव्हिटी निम्मीही नसते, तेव्हा बहुतेक वेळा दुखणं इथलंच असतं.

आता रचना सोडवली कशी. विवर्तनाच्या ठिपक्यांची तीव्रता आपल्याला मोजता येते, पण त्यांच्या फेज (कुठली लाट दुसरीच्या किती पुढेमागे आहे ते) मोजता येत नाहीत, आणि फेजशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा निघत नाही. या प्रोटीनमध्ये निसर्गानंच पाच लोहाचे अणू ठेवलेले आहेत, चार क्लस्टरमध्ये आणि एक सिरोहीममध्ये. सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची तरंगलांबी लोहाच्या शोषण-कडेच्या, म्हणजे सुमारे १.७४ अँगस्ट्रॉमच्या, आसपास बदलत डेटा घेतला की लोहाचं विकिरण बदलतं आणि त्या फरकातून फेज काढता येतात. यालाच मॅड पद्धत म्हणतात. पण चार अणू एकाच गठ्ठ्यात असल्यामुळे हे प्रकरण वाटतं तितकं सरळ नव्हतं, म्हणून जोडीला जड अणूंची जुनी पद्धत वापरली, आणि साखळी कुठून कुठे जाते याच्या खुणा म्हणून सेलेनोमेथिओनीनही (गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनीन) घातलं. आज अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं भाकीत केलेलं मॉडेल टाकून मॉलिक्युलर रिप्लेसमेंटनं (मॉडेलवरून फेज उसन्या घेऊन) अशी रचना दुपारभरात सुटू शकते. तरीही सक्रिय जागी नेमकं काय बसलं आहे हे मॉडेल सांगत नाही, त्यासाठी आजही तुमचा स्वतःचा नकाशाच लागतो.

कोफॅक्टरचं प्रसिद्ध चित्र आपण भरभर पाहू, कारण ते सगळीकडे छापलेलं आहे. सिस्टीन ४८३चं (साखळीतल्या ४८३व्या अमिनो आम्लाचं) गंधक एका बाजूनं क्लस्टरच्या लोहाला आणि दुसऱ्या बाजूनं सिरोहीमच्या लोहाला धरून आहे. क्लस्टरचे बाकीचे तीन हात सिस्टीन ४३४, ४४० आणि ४७९ यांनी धरले आहेत. सिरोहीमचं लोह आणि क्लस्टरमधलं सर्वांत जवळचं लोह यांत अंतर जेमतेम साडेचार अँगस्ट्रॉमच्या आसपास. दोघांचं सूत जुळलेलं आहे हे मात्र स्फटिकाआधीच कळलं होतं. १९८१मध्ये एकार्ड म्युंक आणि सीगल यांच्या गटानं मॉसबाउर वर्णपटावरून (लोहाची केंद्रकं गॅमा किरण कसे शोषतात त्यावरून) दाखवलं होतं की सिरोहीम आणि क्लस्टर एकमेकांशी चुंबकीयदृष्ट्या बांधलेले आहेत. १९८६मध्ये ड्यूक विद्यापीठातून मॅक्री, रिचर्डसन दांपत्य आणि सीगल यांनी ३ अँगस्ट्रॉमचा नकाशा दिला, त्यात दोन्ही खेटून बसलेले दिसले. १९९५नं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि तपशील भरले. ही परंपरा सांगायला विसरू नका. 'क्रिस्टलनं उघड केलं' असं म्हणायची आपल्याला फार सवय आहे, आणि त्यात स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांचं श्रेय हमखास बुडतं.

आता फॉस्फेटकडे. तिथे कोणी ते मुद्दाम घातलं नव्हतं. मूळ पेपरच्या सारांशातसुद्धा त्याचा उल्लेख 'अनपेक्षित' असाच आहे. मग ते फॉस्फेटच आहे हे ठरवायचं कशावरून? सल्फेट का नाही? फॉस्फेटमध्ये एकूण ५० इलेक्ट्रॉन, सल्फेटमध्येही ५०. दोन्ही चतुष्फलकीय. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध साधारण १.५४ अँगस्ट्रॉम, सल्फेटमधला १.४८च्या आसपास. एवढ्याशा फरकावर १.६ अँगस्ट्रॉमच्या नकाशात पैज लावू नये. क्ष-किरणांना हे दोघे जवळजवळ जुळे भाऊच दिसतात. ओळख पटवायची ती बफरमध्ये काय होतं, प्रोटीन कशातून शुद्ध केलं आणि रसायनशास्त्र काय म्हणतं यावरून. गंधकाच्या एन्झाइमांवर काम करताना अमोनियम सल्फेटमध्ये स्फटिक वाढवणं म्हणूनच मला नको वाटतं. दोन मोलर सल्फेटमध्ये बुडवलेल्या एन्झाइमच्या धनभारित खिशात एक चतुष्फलक दिसला, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

सल्फाइटचं तसं नाही, ते ओळखता येतं. पण आकारावरून ओळखायला जाल तर फसाल. मोकळं सल्फाइट पिरॅमिडसारखं असतं, तीन ऑक्सिजन आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी. ती जोडी लोहाला दिली की गंधकाभोवती तीन ऑक्सिजन आणि एक लोह होतं, म्हणजे पुन्हा चतुष्फलकच. भेद उघडा पडतो तो मधल्या अणूचं लोहापासूनचं अंतर मोजलं की. फॉस्फेट लोहाला ऑक्सिजनकडून धरतं, त्यामुळे त्याचा फॉस्फरस लोहापासून ३ अँगस्ट्रॉमहून जरा लांब राहतो. सल्फाइट थेट गंधकानं धरतं, म्हणजे घनतेचा सर्वांत उंच शेंडा सव्वादोन अँगस्ट्रॉमच्या आसपास, लोहाच्या अगदी नाकासमोर येतो. पेपरमध्ये सल्फाइट घातल्यावर नेमकं हेच झालेलं आहे: फॉस्फेट हटलं, सल्फाइट आलं, आणि ते गंधकाकडून बसलं. हा मुद्दा साधा वाटतो, पण पुढची सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. गंधक लोहाला धरून बसलं म्हणजे तिन्ही ऑक्सिजन खिशाच्या आतल्या बाजूला, प्रोटीनच्या हाताशी येतात, आणि तोडायचे आहेत ते बंध त्यांचेच.

त्या खिशात आहेत आर्जिनिन ८३, आर्जिनिन १५३, लायसीन २१५ आणि लायसीन २१७. चार धनभारित हात, मध्ये पाण्याचे रेणू, आणि कडेला सिरोहीमचे स्वतःचे कार्बोक्झिलेट. हे सगळं मिळून हायड्रोजन बंधांचं जाळं होतं. ऋणभारित ऑक्सिजनांना हे जाळं घट्ट धरतं आणि गंधक-ऑक्सिजन बंध सैल करतं. फॉस्फेट इथे का घुसलं याचं उत्तरही यातच आहे. दोन-तीन ऋणभार असलेल्या छोट्या ऋणायनासाठी बेतलेली ही जागा आहे, आणि शुद्धीकरणाच्या बफरांत फॉस्फेटला तोटा नसतो.

पण ते नुसतं घुसलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही. १९९७मध्ये याच गटानं 'बायोकेमिस्ट्री'मध्ये पुढचे दोन पेपर दिले, आणि १९९५चा पेपर मांडणार असाल तर ते वाचल्याशिवाय मांडू नका. त्यांनी स्फटिकातच एन्झाइमला इलेक्ट्रॉन देऊन वेगवेगळ्या अवस्थांच्या रचना काढल्या. दिसलं असं, की ऑक्सिडाइज्ड (इलेक्ट्रॉन न मिळालेल्या) अवस्थेत फॉस्फेट सिरोहीमला धरून राहतं. इलेक्ट्रॉन आले की लोहाची पकड बदलते, फॉस्फेट सुटतं, आणि सल्फाइटला वाट मोकळी होते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरून ठेवावी, तसं हे फॉस्फेट इलेक्ट्रॉन येईपर्यंत जागा अडवून बसलेलं असतं. ऑक्सिडाइज्ड एन्झाइमला सल्फाइट फार हळू धरतं, ही गोष्ट द्रावणातल्या प्रयोगांतून आधीच माहीत होती. तिचं कारण इथे कळलं. म्हणून म्हणतो, की फॉस्फेट नसलेली स्वच्छ रचना आधी मिळाली असती तर 'क्षपणानं उघडणारं दार' ही कल्पना सुचायला कदाचित आणखी वेळ लागला असता. पेशीच्या आत हे दार फॉस्फेटच बंद ठेवतं की दुसरं काही, हा वेगळा मुद्दा. रचनेवरून तेवढं म्हणू नये.

स्फटिकाला इलेक्ट्रॉन द्यायचे कसे, यातही एक खोच आहे. लॅबमध्ये प्रोटीन रिड्यूस करायचं म्हटलं की हात आपोआप सोडियम डायथायोनाइटच्या बाटलीकडे जातो. इथे ते चालत नाही, कारण डायथायोनाइट स्वतः ऑक्सिडाइज होऊन सल्फाइटच देतं! म्हणजे रिकाम्या एन्झाइमची रचना पाहायला जावं आणि नकळत त्याला सब्स्ट्रेट (त्याचा कच्चा माल) पाजावं. म्हणून क्रोमियम-ईडीटीए किंवा प्रकाशाच्या मदतीनं चालणारी क्षपणाची पद्धत वापरतात. शिवाय स्फटिक खरोखर कुठल्या अवस्थेत आहे हे त्यांनी त्याच प्रकारच्या एकेका स्फटिकावर ईपीआर (एकट्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय वर्णपट) घेऊन तपासलं. ही पायरी मला फार मोलाची वाटते. क्ष-किरण स्वतःच धातूंना इलेक्ट्रॉन देतात, स्फटिक १०० केल्व्हिनला गोठवलेला असला तरी. तुम्ही 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून लेबल लावलेला डेटासेट शेवटच्या फ्रेमपर्यंत तसा राहिलेला असेलच असं नाही. हीम किंवा लोह-गंधक क्लस्टरवरच्या पेपरमध्ये वर्णपटाचा पुरावा दिसला नाही, तर प्रश्न विचारायची ती पहिली जागा.

आता सहा इलेक्ट्रॉन. कोफॅक्टर दोन, आणि प्रत्येकात एका वेळी एक इलेक्ट्रॉन मावतो. सिरोहीमचं विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ; जितकं जास्त उणे तितकी ओढ कमी) सुमारे उणे ३४० मिलिव्होल्ट, क्लस्टरचं सुमारे उणे ४०५. म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन सिरोहीमवर, दुसरा क्लस्टरवर. सल्फाइट-सल्फाइड जोडीचं विभव उणे ११६च्या आसपास असल्यामुळे एकूण उतार सल्फाइडच्या बाजूनं आहे. सर्वांत सरळ चित्र असं उभं राहतं: दोन इलेक्ट्रॉन जमले की एक गंधक-ऑक्सिजन बंध तुटतो, ऑक्सिजन दोन प्रोटॉन घेऊन पाणी होऊन जातो; पुन्हा दोन, पुन्हा दोन. तीन फेऱ्या, तीन पाणी, आणि शेवटी लोहावर उरतं ते सल्फाइड. सिस्टीनचा पूल सर्व अवस्थांत शाबूत राहतो हे १९९७च्या रचनांत दिसलं, त्यामुळे क्लस्टरवरचा इलेक्ट्रॉन सिरोहीमपर्यंत पोचायला वाट कायम तयार असते. सल्फाइटप्रमाणेच नायट्राइट, कार्बन मोनॉक्साइड असे इतर रेणू बसवलेल्या रचनाही त्यांनी काढल्या, आणि कुठला हात कधी पुढे सरकतो हे त्यांवरून बांधत नेलं.

यात बघितलेलं किती आणि जुळवलेलं किती? सुरुवात आणि शेवट बघितलेले आहेत. गंधक लोहाला धरतं, हेही बघितलेलं. मधले टप्पे, म्हणजे एक ऑक्सिजन गेलेली, दोन गेलेली अवस्था, या तर्कानं भरलेल्या आहेत. प्रोटॉन नेमका कोणत्या लायसीनकडून येतो हे १.६ अँगस्ट्रॉमला दिसू शकत नाही, कारण त्या रिझोल्यूशनला हायड्रोजन दिसतच नाहीत. त्यासाठी एकेक अवशेष (साखळीतलं अमिनो आम्ल) बदलून ॲक्टिव्हिटी मोजणं आणि गणनेचा आधार घेणं हाच मार्ग. जर्नल क्लबमध्ये यंत्रणेची आकृती दाखवाल तेव्हा बघितलेल्या पायऱ्या एका रंगात आणि तर्कानं भरलेल्या दुसऱ्या रंगात काढा. श्रोत्यांना तेवढ्यानंच अर्धा पेपर कळतो.

रचनेतली आणखी एक गंमत सहसा सांगितली जात नाही. हीमोप्रोटीनच्या एकाच साखळीत दोन भाग एकमेकांची नक्कल असल्यासारखे आहेत, जणू एक जनुक कधीकाळी दुप्पट होऊन जोडलं गेलं. पण कोफॅक्टर एकाच बाजूला. दुसरी जागा रिकामी. आता डिसल्फोव्हिब्रिओसारख्या सल्फेटवर श्वास घेणाऱ्या जिवाणूंचं सल्फाइट रिडक्टेज पाहा. खाडीच्या काळ्या चिखलाला, तुंबलेल्या गटाराला जो सडक्या अंड्यांचा वास येतो तो मुख्यतः या मंडळींचा. ई. कोलायचं एन्झाइम सल्फाइड स्वतःच्या पोटापुरतं करतं, हे ऊर्जेसाठी करतात आणि बाहेर सोडतात. त्यांच्यात ही दोन भावंडं वेगवेगळ्या साखळ्या म्हणून राहिली आहेत. डिसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिसच्या २००८च्या रचनेत एका जागी सिरोहीम आहे, तर दुसऱ्या जागी लोह नसलेलं त्याचंच रूप, सिरोहायड्रोक्लोरिन, बसलेलं आहे. काम एकाच जागी चालतं. निरुपयोगी दिसणारी दुसरी जागा इतकी जपून का ठेवली असेल, यावर जेवणाच्या सुट्टीत भांडायला मजा येते.

'हे औषधाचं लक्ष्य आहे का' असा प्रश्न येईलच, विशेषतः क्षयरोगाच्या जिवाणूमुळे. त्याच्याकडे याच कुळातलं एक एन्झाइम आहे. नाव नायट्राइट रिडक्टेजवरून पडलेलं, नीरए. पण २००५मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या श्नायडर यांच्या गटानं रचना आणि मोजमापांवरून दाखवलं की ते सल्फाइट रिडक्टेज आहे. त्याच्या सक्रिय जागेत एक सिस्टीन आणि एक टायरोसीन सहसंयुज बंधानं जोडलेले आहेत, ई. कोलायमध्ये हे नाही. माणसाकडे सल्फाइटचं सल्फाइड करणारं असं एन्झाइम नाही. आपलं सल्फाइट ऑक्सिडेज उलट दिशेनं सल्फेट करतं. त्यामुळे 'निवडक औषध' हे वाक्य कागदावर बरोबर बसतं. माझा उत्साह मात्र बेताचाच आहे. खिसा लहान आहे, जास्त धनभारित आहे, आणि त्यात घट्ट बसेल असा रेणू बहुधा इतका ऋणभारित असेल की त्या जिवाणूच्या मेणचट भिंतीतून आत शिरताना त्याची दमछाक होईल.

शेवटी, रचनेत काय नाही ते. १९९५च्या मॉडेलमध्ये साखळीच्या सुरुवातीचे सत्तर-ऐंशी अवशेष नाहीत. फ्लेवोप्रोटीनला धरण्यात नेमका त्याच भागाचा हात आहे, हे नंतरच्या कामातून पुढे आलं. फ्लेवोप्रोटीनचा एफएमएन असलेला भाग स्वतः इतका हलता आहे की तो स्फटिकात धड दिसायला तयार नसतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन एफएमएनकडून क्लस्टरकडे कसा उडी मारतो, ही कहाणी न्यूट्रॉन विकिरण आणि क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन) यांच्या वाट्याला आली आणि तिथे अजून चालू आहे.

तयारीसाठी प्रोटीन डेटा बँकेतून १एओपी ही नोंद उघडा आणि मॉडेलसोबत नकाशाही उतरवा, नुसतं मॉडेल नको. कूट या नकाशा आणि मॉडेल पाहायच्या प्रोग्राममध्ये सिरोहीमच्या लोहावर जा, फॉस्फेटच्या फॉस्फरसपर्यंत अंतर मोजा, मग सल्फाइटवाली रचना त्यावर ठेवून गंधकापर्यंत मोजा. सिरोहीम सपाट नाही, घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं आहे, तेही तिथेच दिसेल. हे दोन आकडे आणि एक चित्र हाती असेल, तर 'फॉस्फेट का?' या प्रश्नाला पंधरा स्लाइड लागणार नाहीत.